उजवा कान

भोवळीवर वीस वर्षे संशोधन करणाऱ्या प्राध्यापकांच्या बायकोलाच भोवळ येऊ लागली, आणि ती बरी केली त्यांच्या हाताखालच्या डॉक्टराने. तीही पाच मिनिटांत. कानाच्या आत सुटे झालेले बारीक कण त्याने मान वळवून वळवून जागेवर नेले, एवढेच. पण तेव्हापासून आठवडाभर घरात त्याचेच गोडवे गायले जात होते.

"नुसतं डोळ्यांत बघितलं हो, आणि म्हणाला, वहिनी, उजवा कान!" बायको भेटेल त्याला सांगे. "आमच्या ह्यांनी मात्र माझी फाइल उघडली."

बुबुळांची थरथर पाहून बिघडलेला कान ओळखायचा, हे त्याला शिकवले होते प्राध्यापकांनीच. परंतु ती विद्या त्याने नेमकी त्यांच्याच बायकोच्या डोळ्यांत डोकावून पाजळावी, हे काही केल्या त्यांच्या पचनी पडेना.

फेरतपासणी त्यांनी हट्टाने स्वतःकडे घेतली. तिचे डोके दोन्ही हातांत धरून, उजवीकडे वळवून, त्यांनी तिला पलंगावर झटकन मागे निजवले आणि मिनिटभर तिच्या डोळ्यांत टक लावून पाहिले. बुबुळे अगदी स्थिर होती. आनंद व्हायला हवा होता. ते मात्र एखादी तरी थरथर सापडेल या आशेने पाहतच राहिले.

"काय दिसतंय?" तिने विचारले.

"थोडं शिल्लक आहे अजून," ते गंभीरपणे म्हणाले. "काळजी करू नकोस, मी आहे ना."

"अहो, तुम्ही कशाला त्रास घेता?" तिने उठून फोन हातात घेतला. "त्यालाच बोलावते."