गुडघ्यावरची झीज

कोऱ्या जीन्स जुन्या करायचा धंदा ज्या कुणी काढला, त्याच्या डोक्याला सलामच करायला हवा. शिवून आलेली कडक पँट हवा भरलेल्या रबरी पायांवर चढवायची आणि मांडी, गुडघा, खिशाची कड काचपेपरने घासत बसायचं. रंग उडालेल्या त्या भागाला कारखान्यात ‘झीज’ म्हणत. "गुडघ्याला अजून थोडी झीज दे रे," असं दिवसभर ऐकू येई.

प्रत्येक ऑर्डरचा पहिला नमुना घासायचं काम नमुनेवाल्याचं. घरी ‘झीज’ हाच शब्द त्याने वेगळ्या तोंडांतून ऐकला होता. वडील लोकांच्या घरी फरशा बसवत. डॉक्टर त्यांना म्हणाले होते, "गुडघ्यांची झीज झालीये, आता खाली बसून काम बंद." वडिलांनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेले. आणि हा परीक्षेत आपटला की आई ऐकवायची, "हा माणूस तुझ्यासाठी झिजतोय, आणि तू!" त्यामुळे कारखान्यात सुरुवातीला तो शब्द उच्चारताना त्याची जीभ अडखळे. मग सवय झाली. सवयीने माणूस काहीही बोलतो.

या खेपेला मात्र त्याचे नमुने एकामागून एक परत आले.

"खोटं दिसतंय," नमुने पास करणाऱ्या मॅडम म्हणाल्या. "उद्या शेवटचा नमुना. नाही जमलं तर तुझ्या जागी दुसऱ्याला बसवते."

सकाळी निघताना दोरीवर वडिलांची कामावरची जीन्स वाळत होती. खरं तर ती त्याचीच, कॉलेजातली. इतरांकडे बापाचे कपडे मुलाला येतात, यांच्याकडे सगळंच उफराटं. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि ती पिशवीत कोंबली.

आपला नमुना म्हणून त्याने पुढे केलेली ती जीन्स मॅडमनी टेबलावर पसरली. डावा गुडघा उजव्यापेक्षा कितीतरी विरला होता.

"हे कसं सुचलं तुला?"

उजवा पार कामातून गेल्यापासून वडील सगळा भार डाव्यावर टाकत. एवढंच सांगायचं होतं.

"मुद्दाम केलं, मॅडम," तो म्हणाला. "दोन्ही सारखे घासले की खोटं वाटतं."

मॅडमनी सगळ्यांना बोलावून त्याच्या पाठीवर थाप मारली. "याला म्हणतात हात!" टाळ्या पडल्या. शरमेने त्याचे कान तापले. लोकांना वाटलं, पोरगा भिडस्त आहे.

संध्याकाळी वडील घरी आले ते चांगल्यातली पँट सिमेंटने बरबटवून.

"दोरीवरची दिसेना, म्हणून ही चढवली," भिंतीला धरून खाली बसत ते म्हणाले. मग जरा चाचरत त्यांनी विचारलं, "तू टाकलीस का रे ती?"

त्याने पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे ठेवला.

"टाकली असशील तर बरंच केलंस. तू एवढ्या मोठ्या कपड्यांच्या कारखान्यात, आणि बाप गल्लीतून तसली विरलेली घालून हिंडतो. चारचौघांत तुला लाज वाटत असणार. माझ्या मेल्याच्या लक्षातच आलं नाही."

सांगायचं तर आत्ताच. त्याने तोंड उघडलंही. पण खरं बोलून जी लाज पदरात पडणार होती, तिच्यापेक्षा वडिलांनी आयती पुढे केलेली ही लाज फार सोपी होती.

"हो, बाबा," तो म्हणाला. "टाकली."

"उद्यापासून नीटनेटका जाईन हं," वडील म्हणाले, आणि पँटवरचं सिमेंट नखाने खरवडू लागले.