ताईचा कॅमेरा

आई न्हाणीघरात पडली, कंबरेचं हाड मोडलं आणि तिचं सगळं जग धाकट्या लेकाच्या मागच्या खोलीतल्या पलंगाएवढं झालं. तेव्हा ताईने दोन गोष्टी केल्या. भावाच्या घरी एक कॅमेरा पाठवला, आणि सगळ्या नातेवाइकांसमोर जाहीर केलं, "मी तिकडून लक्ष ठेवीन. आईचे हाल होताना दिसले, तर त्याच दिवशी येऊन तिला घेऊन जाईन." उचलली जीभ, लावली टाळ्याला. मावशीने डोळे पुसले. मामा म्हणाला, लेक असावी तर अशी. ताईलाही ते मनापासून पटलं.

कॅमेरा बरा चालला. जेवणाच्या सुट्टीत ताई फोनवर आईकडे एक नजर टाकायची. आई बहुतेक झोपलेली असायची. तेवढं पाहिलं की ताईचं लेकीचं कर्तव्य उरकायचं. मग एकदा तिकडची वीज गेली, परत आली आणि चित्र दिसेनासं झालं.

ताई इंटरनेट कंपनीत तक्रारींच्या फोनवर बसायची, म्हणजे हे दुखणं तिच्या रोजच्या हातातलं. सुट्टीच्या दिवशी दुपारी तिने लॅपटॉप उघडला आणि भावाला फोन लावला. त्याने फोन स्पीकरवर टाकला आणि बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटरपुढे बसला.

"बाळ्या, राउटरच्या पानावर पोर्ट फॉरवर्डिंग शोध."

"सापडलं. एकच ओळ आहे."

"ती मीच घातलीय. बाहेरून मी आले की राउटर मला कॅमेऱ्याच्या पत्त्यावर पाठवतो. पत्त्याचा शेवटचा आकडा काय?"

"पाच."

"आणि कॅमेरा सध्या कितीवर आहे बघ."

"नऊवर. पाचावर आमचा टीव्ही दिसतोय."

"घ्या! वीज गेल्यावर राउटरने घरातले पत्ते नव्याने वाटले, आणि मी आपली तुमच्या टीव्हीचं दार ठोठावत बसलेय. पाचाचे नऊ कर आणि सेव्ह कर."

भाऊ हसला. "लवकर दिसू दे बाई. दिसलं की तू घेऊन जाणार, असं आम्ही ऐकून आहोत."

ताईही हसली. तेवढ्यात तिच्या लॅपटॉपवर खोली उघडली, आवाजासकट.

आईचे केस कापून बारीक केले होते. भावजय दाराशी उभी राहून बाहेर विचारत होती, "लागलं का हो?"

"माझ्या फोनवर तरी काही उघडत नाही," भाऊ बाहेरून म्हणाला.

भावजय आत आली. स्टुलावरचा पाण्याचा ग्लास उचलून तिने खिडकीच्या वरच्या फळीवर ठेवला. आईचा हात स्टुलापर्यंत गेला, चाचपडला, तिथेच राहिला.

"पाणी," आई म्हणाली.

"सकाळी दिलं ना? दर तासाला चादर कोण बदलणार? मला दोनच हात आहेत." तिचा आवाज चढलाही नव्हता. रोजचंच काम असल्यासारखं ती बोलली आणि निघून गेली.

ताईच्या अंगाचा भडका उडाला. या बाईच्या झिंज्या धराव्यात, असं तिला वाटलं.

"मला नाहीच दिसत," भाऊ सांगत होता. "तुला दिसतंय का?"

तो घरच्या वायफायवर बसून बाहेरचा पत्ता उघडत होता. कितीतरी राउटर घरातल्या माणसाला बाहेरच्या वाटेने आत घेतच नाहीत. बाहेर साऱ्या जगाला दिसतं, घरात बसलेल्यालाच तेवढं दिसत नाही. यात गिऱ्हाइकं रोज फसतात, आणि ताई रोज सांगते, वायफाय बंद करा, मोबाईल डेटावर बघा. एका वाक्याचं काम होतं.

पण "दिसतंय" म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं होतं. आपल्या दोन खोल्या तिच्या डोळ्यांपुढे आल्या. नवऱ्याने आधीच बजावलं होतं, "आई आणलीस तर नोकरी तू सोडायचीस. मला मध्ये घ्यायचं नाही." चादरी आल्या, त्यांचा वास आला. तिलाही दोनच हात होते. राग मोठा होता, पण भीती त्याहून मोठी निघाली.

"नाही रे," ताई म्हणाली. "सगळं काळं आहे."

"थांब, राउटर बंद करून चालू करतो."

"नको, नको! ती ओळच काढून टाक. उघडं दार आहे ते. उद्या कोणी परका शिरला, तर आईची खोली जगाला दिसेल."

यात खोटं एक अक्षर नव्हतं. खरं बोलून माणसाला गप्प कसं करायचं, हे तिला नोकरीने शिकवलं होतं.

"मग कॅमेरा उतरवू?"

"राहू दे. आईला सांग, ताईला सगळं दिसतंय. तेवढाच तिला आधार."

भावाने ओळ पुसली. आईचा हात स्टुलावर असतानाच चित्र थिजलं. फोन मात्र चालू होता. तो घेऊन भाऊ आत गेल्याचं ताईला ऐकू आलं.

"आई, ताईला दिसतेस बरं का आता."

पलंग करकरला. आईचा आवाज कधी नव्हे इतका खणखणीत आला. "दिसतंय ना गं तुला? मग सांग की यांना, तो ग्लास खाली ठेवा म्हणावं."

"कुठला ग्लास?" भाऊ गोंधळला. "ताई, कशाबद्दल बोलतेय गं ही?"

"मला काय विचारतोस?" ताई म्हणाली. "मला कुठे काही दिसतंय?"

फोन स्पीकरवरच होता.

"बरं," आई म्हणाली.