पाहणीच्या वेळी उपस्थित

मेघना मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की या कामात चूक झाली तर ती लगेच कळत नाही. आम्ही परळला एका जुन्या गिरणीच्या आवारात, काचेच्या ऑफिसात बसलो होतो. माझे आजोबा याच आवारात कापडाचे साचे चालवायचे, असं मी त्यांना मोठ्या ऐटीत सांगितलं, तर त्या ‘अरे वा’ म्हणून लॅपटॉपकडे वळल्या. मग त्यांनी एक पान उघडून दाखवलं. एका इमारतीचं एक पान. वर पत्ता, मधे जिना कुठे आणि गॅस कुठे, आणि तळाला एका चौकटीत माणसांचा आकडा. काही आपत्ती आली की हे पान मदतीला जाणाऱ्या पथकाच्या मोबाइलवर उघडतं.

“हा आकडा बघून कुणीतरी एक दिवस ढिगारा उपसायचं थांबवणार आहे,” मॅडम म्हणाल्या. “तेवढं लक्षात ठेवून मोज.”

मी लक्षात ठेवलं. वहीत लिहूनसुद्धा ठेवलं, खाली दोन रेघा मारून. हुशार मुलगी ना मी.

आमची संस्था संकट येण्याआधी त्याचा अंदाज बांधायची. कुठली इमारत आधी पडेल, पाणी आधी कुठे भरेल, गर्दी कुठे अडकेल, याला गुण द्यायचे आणि यादी लावायची. यादीतल्या पहिल्या बारा इमारतींकडे लगेच इंजिनीअर जाणार, बाकीच्यांचा नंबर यथावकाश. मी तिथे सहा महिन्यांसाठी इंटर्न होते. गणपती आले तसं सगळं ऑफिस लालबागच्या रांगांच्या मागे लागलं आणि चाळींची पाहणी माझ्या गळ्यात पडली. ‘तू तिथलीच आहेस, तुला लोक दार उघडतील,’ असं मॅडम म्हणाल्या. चौसष्ट इमारती आणि दहा दिवस. त्या चौसष्टांत आमची सातेरी चाळ होती.

चाळ म्हणजे तळमजला आणि वर दोन मजले, प्रत्येक मजल्यावर बारा खोल्या. सत्तावीस नंबरच्या खोलीत मी रघुवीरकाका आणि नलूकाकूबरोबर राहते. मी चौथीत असताना बाबा गेले, आई त्याच्याही आधी. काकांना मूलबाळ नाही. पोस्टातली नोकरी संपल्यावर ते चाळीचे सेक्रेटरी झाले आणि तेव्हापासून नळाच्या वॉशरपासून भांडणांपर्यंत सगळं त्यांच्या दारात येतं. माझी फी त्यांनी भरली, माझे हट्ट काकूने पुरवले. त्या दोघांपलीकडे मला कुणी नाही, हे इथेच सांगून टाकते.

त्या श्रावणात दुसऱ्या मजल्यावरची दारं अडकायला लागली. पहिल्यांदा एकोणतीस नंबरचं, मग तीसचं, मग आमचं. चाळीतलेच धोंडू मिस्त्री रंधा घेऊन आले आणि वरच्या कडेचं लाकूड तासून गेले. पावसात लाकूड फुगतं, असं ते म्हणाले आणि सगळ्यांनी माना हलवल्या. महिनाभरात नऊ दारं तासून झाली. गॅलरीत जाल तिथे भुसा आणि लाकडाच्या सुरळ्या. काकू त्या गोळा करून बंबासाठी ठेवायची. आमच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न होता, ‘दारे-खिडक्या अडकतात का?’ तो का विचारतात हेही ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. एखादं दार अडकलं तर लाकूड, ओळीने दारं अडकली तर इमारत. मला हे ठाऊक होतं आणि तरी मी रोज सकाळी आमच्या दाराला खांदा लावून ऑफिसला जात होते.

गणपतीला आमची चाळ गावी जाते. कोकणातल्या माणसाला याहून जास्त सांगायला नको. तीन महिने आधी तिकिटं काढलेली असतात, नोकरीवर गदा आली तरी चालते, पण दाराला कुलूप लागतंच. या वर्षी मला रजा नव्हती म्हणून मी एकटीच मागे राहणार होते. निघायच्या दिवशी दुपारी काकांनी मला गॅलरीच्या टोकाला बोलावून घेतलं आणि बराच वेळ समोरच्या टॉवरकडे बघत उभे राहिले.

“मने, तू घरची आसस,” ते म्हणाले. “आमका त्या लिस्टीत घालू नको.”

मला कारण विचारावं लागलं नाही. त्यांचे थोरले भाऊ शेजारच्या चाळीत राहायचे. बावीस वर्षांपूर्वी ती चाळ धोकादायक ठरली, सामान ट्रकमध्ये भरलं आणि ते संक्रमण शिबिरात गेले. दोन वर्षांत परत आणतो, असं सांगितलं होतं. ते तिथेच वारले. त्या चाळीच्या जागी आता टॉवर आहे आणि काका रोज दाढी करताना तो बघतात. मी काकांना म्हटलं, बघते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बॅगा उचलल्या.

तिसऱ्या दिवशी मी आमच्या चाळीची पाहणी केली. छत्तीस खोल्यांपैकी पंचवीस बंद होत्या. उरलेल्या खोल्यांत फिरून मी माणसं मोजली, अगदी तेरा नंबरच्या कांताआजीसुद्धा, ज्यांना ऐकू येत नाही. अडतीस भरली. रकान्याचं नाव होतं ‘पाहणीच्या वेळी उपस्थित व्यक्ती’. मी अडतीस लिहिलं. हा आकडा खोटा नव्हता. दारं अडकतात का, याला उत्तर द्यायला दुसऱ्या मजल्यावर माझ्याशिवाय कुणी नव्हतं, म्हणून ‘माहिती उपलब्ध नाही’ लिहिलं. माहिती नसली की आमचं मशीन शून्य गुण धरतं. हेही नियमाप्रमाणेच. पण खाली शेऱ्याची चौकट होती, चांगली हातभर मोठी. तिथे ‘चाळीत एकशे त्रेसष्ट माणसं राहतात, बाकीची गावी गेली आहेत, गौरी-विसर्जनानंतर परत येतील’ एवढं लिहायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी ती चौकट कोरी सोडली आणि खाली सही केली.

सातेरी चाळ यादीत एक्कावन्नावी आली. मेघना मॅडम पुण्याच्या. गिरणगाव रिकामं होत चाललंय, आकडेच सांगतायत, असं त्या समाधानाने म्हणाल्या. मी मान हलवली. त्या रात्री मला झोप नीट लागली, याची आज लाज वाटते.

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसमधून आले तर कुलूप निघालं पण दार उघडेना. खांदा लावला, पाय लावला. शेवटी उघडलं तेव्हा आत ओट्यावर, गॅसवर, काकूच्या पालथ्या घातलेल्या पातेल्यांवर चुन्याची पांढरी भुकटी पडली होती. मी बाहेर येऊन दाराकडे बघितलं. चौकटीच्या वर डाव्या बाजूला अंगठा जाईल एवढी फट होती आणि उजवीकडे केसही जाणार नाही. शेजारचं दार बघितलं, तेही तसंच. मग ओळीने सगळी बघत गेले. बारा दारं, सगळी एकाच बाजूला कललेली. माणसं नसताना, सामान हललेलं नसताना, मजला आपला आपण खाली बसत होता. मला इतकी भीती वाटली की जिना उतरताना मी कठड्याला हात लावला नाही.

मॅडमना फोन केला आणि सगळं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. मोजणी कुठल्या दिवशी केलीस, एवढंच त्यांनी विचारलं. मग किती माणसं परत येणार ते विचारलं, आणि आकडा लिहून घेतला. पान एकदा पाठवलं की नव्या पाहणीशिवाय बदलता येत नव्हतं. सकाळी आठला इंजिनीअरला घेऊन येते, तोवर वर कुणाला जाऊ देऊ नकोस, असं त्या म्हणाल्या. वरच्या मोजक्या माणसांना मी कशीबशी तळमजल्यावर आणलं, कांताआजींना हाताला धरून. मग काकांना फोन लावला. गाववाल्यांच्या परतीच्या गाड्या घाटात होत्या, आवाज तुटत होता. काका म्हणाले, आम्ही येतो मग बघू, तोवर चाळीत बोंबाबोंब करू नको. आणि मी त्यांचं ऐकलं. लहानपणापासून ऐकत आले होते.

सकाळी सहाला दोन गाड्या आल्या. दर्शनाच्या रांगांमुळे रस्ता बंद, म्हणून सगळे लांबूनच चालत आले. डोक्यावर तांदळाची पोती, हातात नारळ, फणसाची साठं, तेलाचे डबे. मी फाटकात हात पसरून उभी राहिले आणि वर जाऊ नका म्हणून सांगायला लागले. रात्रभर गाडीत बसून आलेली माणसं ती, कोण ऐकणार? फॉर्म भरून भरून पोरीचं डोकं फिरलं, असं कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. काकूने माझ्या गालाला हात लावून विचारलं, नीट जेवत होतीस ना. सगळे माझ्या बाजूने वर गेले.

थोड्याच वेळात वरून खांद्यांचे धक्के ऐकू यायला लागले. एक दार, मग दुसरं, मग तिसरं. कुणीतरी धोंडू मिस्त्रींना रंधा आणायला सांगत होतं. मी धावत वर गेले. गॅलरी माणसांनी आणि पोत्यांनी भरली होती. काका आमच्या दाराशी होते, काकू तांदळाच्या पोत्यावर टेकली होती.

“काका, दारं फुगलेली नाहीत,” मी म्हटलं. “मजला बसलाय. मला माहीत होतं. तरी मी आपल्याला लिस्टीत घातलं नाही.”

त्यांनी त्या फटीत बोट घालून बघितलं. मग मान वळवून ओळीतली सगळी दारं बघितली, एकेक. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी सेक्रेटरीचा आवाज काढला आणि सगळ्यांना सामान तिथेच टाकून खाली उतरायला सांगितलं. त्या आवाजाला चाळ ऐकते. मला त्यांनी पुढे घातलं, लोकांना रस्त्यापलीकडे नेऊन उभं कर म्हणाले. ते स्वतः धोंडू मिस्त्रींना घेऊन टोकाच्या खोल्यांकडे गेले, आत कुणी राहिलं का बघायला. काकू पोत्यावरून उठली आणि माझ्याबरोबर यायच्या ऐवजी त्यांच्या मागे गेली. मी तिला हाक मारली. “ह्येंका घेऊन येतंय, तू हो फुडे,” ती म्हणाली.

आवाज फार मोठा झाला नाही. वरून पोतं टाकल्यासारखा झाला आणि लांबत गेला. धूळ बसली तेव्हा दुसऱ्या मजल्याची अर्धी गॅलरी नव्हती आणि उरलेली अर्धी लोंबत होती. मांडवातल्या स्पीकरवर आरती चालूच होती.

गर्दीच्या बंदोबस्ताला आलेलं बचाव पथक पाच मिनिटांत पोचलं. त्यांचे अधिकारी पन्नाशीचे, शांत होते. आम्ही सगळे धुळीने पांढरे, कुणाला कोण ते ओळखू येत नव्हतं. कुणी रडत होतं, कुणी सांगत होतं की रघुवीरदादा मागच्या जिन्याने उतरले, आपण बघितलं. अधिकाऱ्यांनी बोट दाखवत आम्हाला मोजलं. एक्केचाळीस झाले. बाकीचे घाबरून मांडवाकडे पांगले होते, ते मोजणीत आलेच नाहीत. मग मोबाइल काढून एक पान उघडलं. ते पान मी लांबूनही ओळखलं.

“चाळीत अडतीस माणसं, इथे एक्केचाळीस. पाहुणे धरून सगळी बाहेर आहेत,” ते आपल्या माणसांना म्हणाले. “आत कुणी जायचं नाही. उरलेलं कधीही खाली येईल.”

त्यांची माणसं मागे सरकली. एकाने खांद्यावरचा दोर खाली ठेवला.

“आकडा चुकीचा आहे,” मी म्हटलं.

“तुम्ही कोण?”

“ही पाहणी मी केली. खाली माझी सही आहे.”

त्यांनी मोबाइलकडे बघितलं, मग माझ्याकडे. चाळीतली सगळी माणसंही माझ्याकडे बघत होती. मी सांगितलं की आत निदान तीन माणसं आहेत, टोकाच्या खोल्यांपाशी, आणि गाड्यांमधून आलेले आणखी किती ते मला माहीत नाही. नावं सांगितली. पहिलं काकांचं, दुसरं काकूचं.

“मग हे आधी का नाही लिहिलं?” त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता वळले.

लोंबत्या गॅलरीला शिडी लागली. दोर पुन्हा खांद्यावर घेऊन त्यांची माणसं एकामागून एक वर चढून आत गेली. चार होती. ती मी नीट मोजली.