मीटरवरचं ओलं फडकं

भट्टीच्या शेडमधल्या मीटरला गोरक्षनं ओलं फडकं गुंडाळलं, तेव्हा त्याच्या मनात पाप नव्हतं. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्याला शिव्या द्याल. द्या, पण नंतर.

चाकणच्या त्या कारखान्यात गिअर तापवून टणक करतात. गोरक्ष तिथला सुपरवायझर, जवळच्याच गावचा. सेफ्टीच्या तनुजा मॅडमनी दोन वर्षं डोकेफोड करून शेडमधली उष्णता मोजणारं ते मीटर बसवून घेतलं होतं. आकडा चाळीसच्या वर गेला की तासातली वीस मिनिटं लाइन बंद.

"मे महिन्याचं ऊन आता मार्चमध्येच पडतंय, सर. आत्ता हललो नाही तर माणसं पडतील," त्या भर मीटिंगमध्ये म्हणाल्या.

मोठे साहेब हसले. "भट्टीपाशी गरम होणारच! पृथ्वी तापतेय म्हणून आम्ही गिअर करायचे सोडायचे का? महिनाभराचे आकडे दाखवा. खरंच चढले तर छताला मोठे पंखे बसवू, दुपारची शिफ्ट संध्याकाळी नेऊ. नाहीतर हे नाटक बंद."

आता आली का पंचाईत! लाइन थांबली की माल मागे राहायचा, आणि राहिलेला माल रविवारी बोलावून काढून घ्यायचे. तीन आठवडे कुणाला सुट्टी नव्हती. त्यात हिंदुराव, धाराशिवकडचा, बावीस वर्षं भट्टीपुढं उभा राहिलेला माणूस. त्याच्या लेकीचं, दीपमालाचं लग्न नऊ दिवसांवर आलेलं, आणि मांडवासाठी त्याला रविवारी गावी जायचंच होतं.

"गोरक्षभाऊ, आमच्याकडं चव्वेचाळीसात रानात राबतेत माणसं," तो म्हणाला. "ह्या डबीला काय कळतंय? पाण्याच्या बाटलीला ओलं फडकं गुंडाळतो, तसं हिलाबी गुंडाळा की. गार राहील बिचारी!"

सगळे खो खो हसले. गोरक्षही हसला, रविवार त्यालाही हवा होता. त्यानं फडकं भिजवून गुंडाळलं आणि त्रेचाळीसचे बघता बघता छत्तीस झाले. तीन दिवस लाइन एकदाही थांबली नाही. फडकं वाळलं की जो जवळ असेल तो आपणहून भिजवायचा.

चौथ्या दिवशी दुपारी हिंदुराव बडबडायला लागला. "दीपा, मांडवात पाणी शिंपड गं, धूळ उडतीया." गोरक्षला वाटलं, गडी चेष्टा करतोय. जवळ जाऊन हात लावला तर अंग तव्यासारखं तापलेलं, आणि घामाचा टिपूस नाही. त्यानं धरेपर्यंत हिंदुराव खाली कोसळला होता.

जीव वाचला म्हणतात, एवढंच. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात त्याच्या बायकोनं, रुक्मिणीबाईंनी, "अवो, मी हाय की," म्हणून हाक मारली, तर तो नुसता छताकडं बघत राहिला. लेकीलाही त्यानं ओळखलं नाही. डॉक्टर म्हणाले, ताप मेंदूत गेला होता, किती भरून येईल सांगता येत नाही. लग्न पुढं ढकललं.

सोमवारी मीटिंग बसली. साहेबांनी मीटरचे आकडे वाचले. "त्या दिवशी शेडमध्ये छत्तीस. म्हणजे उन्हाचा काही संबंध नाही. वय झालंय त्याचं." तनुजा मॅडम कागद ओढून आकडे पुन्हा पुन्हा तपासू लागल्या.

गोरक्ष उठला. "साहेब, आकडे खोटे हायेत. मीटरला ओलं फडकं मी बांधलं. नोकरी घ्या माझी, पण पंखे बसवा."

साहेबांनी कामगारांकडं पाहिलं. "खरंय का हे?"

ज्योतीराम म्हणाला, "फडकं? आमी तर न्हाई बघितलं, साहेब." मग सगळ्यांनीच नाही म्हणून माना हलवल्या. फडकं प्रत्येकानं भिजवलं होतं. खरं बोललं तर हिंदुरावचा दोष प्रत्येकाच्या गळ्यात यायचा. गोरक्षला आधी राग आला, मग सगळ्यांची कीव आली, आणि मग त्याला भीती वाटली.

"तुझ्या मनाला लागलंय, गोरक्ष. चार दिवस घरी जा," साहेब म्हणाले, आणि मीटर काढायच्या कागदावर त्यांनी तिथंच सही केली. मग शिफ्टची यादी पुढं ओढून विचारलं, "हिंदुरावच्या जागी भट्टीवर कोण?"

साहेबांनी ज्योतीरामचं नाव लिहिलं. ज्योतीरामनं एकदा गोरक्षकडं पाहिलं, ओठ हलवले, पण आता बोलणार काय आणि कुठल्या तोंडानं?

दुपारी दोनला लाइन सुरू झाली, ती शिफ्ट सुटेपर्यंत कुणी थांबवली नाही.