लांडग्याचा पत्ता

आमच्याकडं कार्यक्रम फसतो तो एकाच कारणानं. कुणाचं तरी नाव राहतं. लग्नपत्रिकेत नाव राहिलं म्हणून भर मांडवातून उठून गेलेले चुलते मी पाहिले आहेत. म्हणून गेवराईच्या मंगल कार्यालयात वन्यजीवांच्या फोटोंचं प्रदर्शन भरलं आणि चित्रकलेचा मास्तर म्हणून पाट्या लिहायचं काम माझ्याकडं आलं, तेव्हा मी ठरवलं, एकही नाव सोडायचं नाही.

फोटो धनश्रीचे. मुलगी पुण्याची, पण चकलांब्याच्या माळावर तीन महिने उन्हात पडून राहिलेली. तिनं दिलेला मजकूर मात्र कंजूष होता. 'लांडग्याची मादी, पिलांसह. मराठवाडा.' एवढ्या देखण्या फोटोखाली एवढंच? मला राहवलं नाही. ज्या मेंढपाळानं तिला ती जागा दाखवली, त्याचं नाव मी चौकशी करून मिळवलं आणि वळणदार अक्षरात लिहिलं, 'विशेष सहकार्य: मेंढपाळ शहादेव. स्थळ: चकलांबा शिवार, गट नंबर दोनशे चौदा, ओढ्याकाठची कपार.'

उद्घाटनाच्या दिवशी शहादेव सकाळीच आला. धुतलेला सदरा घालून. पाटीवर बोट ठेवून त्यानं एकेक शब्द वाचला. मला वाटलं, आता हात जोडेल.

"गुर्जी, माझं नाव घातलं, ते ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "पन तिच्या घराचा पत्ता कावून दिला? पोरीनं मला शब्द दिलता, कुनाला सांगनार न्हाई म्हनून. लोक कपारीत धूर कोंडून पिल्लं मारत्यात, तुमाला ठावं न्हाई का?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पाटी काढायला हात घातला, तोच बाहेर फटाके वाजले आणि पाटी तशीच राहिली. उद्घाटक भगवानराव आले होते.

भगवानराव म्हणजे आमचे पुढारी, शिवाय खडी क्रशरचे मालक. डोंगर फोडून खडी करणारा माणूस निसर्गाच्या प्रदर्शनाला कसा, हे कुणी विचारलं नाही, कारण पत्रिकेवर त्यांचं नाव नसतं तर मंगल कार्यालयच मिळालं नसतं. त्यांनी फोटो पाहिले नाहीत, पाट्या तेवढ्या वाचल्या. लांडग्याची तर मोठ्यानं वाचली. आणि माईक हातात येताच जाहीर केलं, "उद्या सकाळीच गट नंबर दोनशे चौदात जेसीबी जाईल. पक्का रस्ता, पेव्हर ब्लॉक, सेल्फी पॉइंट. लांडगा बघायला आता कुणाला उन्हात पडायची गरज नाही."

टाळ्या पडल्या. धनश्रीनं माझ्याकडं पाहिलं.

शहादेव मात्र सरळ स्टेजवर गेला. "साहेब, गुर्जींचा नंबर चुकलाय. ही कपार तुमच्या क्रशरच्या मागची हाय."

भगवानराव थबकले. शेजारी त्यांचा वकील अंगद बसला होता. "तिथं लांडगा निघाला तर काय होतं रे?" त्यांनी हळू विचारलं. माईक चालूच होता.

"क्रशर बंद पडतं, साहेब. संरक्षित प्राणी हाय."

मग भगवानरावांनी चष्मा लावला आणि पहिल्यांदा फोटोकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "हा लांडगा कशावरून? शेपूट बघा. कुत्रं आहे हे."

"गावठी," अंगद म्हणाला.

मागच्या वीस कार्यकर्त्यांनी री ओढली. एकानं तर हे कुत्रं आपल्या ओळखीचं असल्याचं सांगितलं. जेसीबी रद्द झाला. "गुरुजी, पाटी बदला," भगवानराव म्हणाले. "लोकांची दिशाभूल नको."

धनश्री उसळून उठणार, तेवढ्यात शहादेवनं तिला मान हलवून थांबवलं. मी ब्रश उचलला. 'दिसतं तेच काढा' म्हणत तीस वर्षं पोरांना छड्या मारलेल्या हातानं लिहिलं, 'गावठी कुत्री, पिलांसह.' खरं सांगतो, इतकं सुबक अक्षर माझं कधी पडलं नव्हतं. स्थळ लिहिलं नाही.

दुपारी चकलांब्याची माणसं टेम्पो भरून आली. भगवानराव आत जेवायला बसलेले, कार्यकर्ते दारात. बायकांत पुढं छबुबाई होती. गेल्याच आठवड्यात तिची दुभती शेळी लांडग्यानं नेली होती आणि तिच्या शिव्या गावानं दोन दिवस ऐकल्या होत्या. ती फोटोपुढं थांबली.

"कुत्रं? अवो, ही तर आमच्या वड्याची..."

दारातले दोघंतिघं वळून पाहू लागले.

"कुत्रं हाय, मावशे," शहादेव हळूच म्हणाला.

छबुबाईनं त्याच्याकडं पाहिलं. मग फोटोतल्या चार पिलांकडं.

"व्हय, कुत्रंच हाय," ती म्हणाली. "पन माझी शेळी ह्याच कुत्र्यानं नेली."

"उद्या माझ्या कळपातली एक आनून बांधतो."

"दुभती पायजे."

शहादेवनं मान डोलावली, आणि छबुबाई पुढच्या फोटोकडं गेली.