पहिली फेक माफ

आवडत्या खेळाच्या पुस्तकाची नवी आवृत्ती येणार म्हणून चष्मेवाल्याने दुकानातल्या आरशाच्या कडेला तिची जाहिरात चिकटवली होती. गिऱ्हाईक नवी फ्रेम लावून स्वतःला न्याहाळू लागलं की त्याची नजर त्या चित्राकडे जायची, आणि हा हातातली भिंगं बाजूला ठेवून सांगत बसायचा: टेबलाभोवती जमायचं, प्रत्येकाने एकेक पात्र घ्यायचं, सूत्रधाराने गोष्ट रचायची, आणि कोण तरणार, कोण मरणार ते फाशांवर सोडायचं. गिऱ्हाईक 'बरं बरं' म्हणून नंबर तपासून घ्यायचं.

दर रविवारी त्याच्या घरी हा खेळ चाले. खेळणारे तिघं: बायको, मेव्हणी आणि तिचा नवरा, म्हणजे याचा साडू. सूत्रधार अर्थात हा. पुठ्ठ्याच्या पडद्यामागची ती खुर्ची त्याला कोणी दिली नव्हती. पण पुस्तक त्याचं, तोंडपाठ त्याला, तेव्हा प्रश्नच नव्हता. एरवी त्याचं कोणी फारसं ऐकून घेत नसे. त्या खुर्चीवरून बोलू लागला की तिघं ऐकत.

आणि नवी आवृत्ती आधी मिळाली साडूला.

साडू दातांचा डॉक्टर. प्रकाशकाकडच्या कुणाची तरी दाढ काढता काढता त्याने शब्द टाकला, आणि दुकानांत पोचण्याआधीच एक प्रत त्याच्या दवाखान्यात येऊन पडली. "दादा, कागद काय सुरेख आहे," तो फोनवर म्हणाला, "नुसता वास घेत बसलोय." चष्मेवाल्याने कोरडं 'वा' म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर एका निरपराध फ्रेमची काडी मोडली. या माणसापुढे लोक दिवसभर आ वासून बसतात, तेवढ्याने त्याचं पोट भरू नये?

बायकोने परस्पर ठरवून टाकलं की पुस्तक ज्याने वाचलंय त्यानेच या रविवारी सूत्रधार व्हावं. आयत्या बिळावर नागोबा, असं तो पुटपुटला. तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

रविवारी साडू खुर्चीवर टेकला तोच अवघडून. पानं चुकत होता, सारखा घसा खाकरत होता. चष्मेवाल्याला बरं वाटू लागलं. मग मेव्हणीची पहिली फेक वाईट पडली आणि तिने सवयीने फासे परत उचलले.

"थांब," साडू म्हणाला. "ती फेक धरायची. पहिली फेक माप धरावी, असं आहे. जेवढं पडेल तेवढंच आजचं बळ."

"माफ धरावी," चष्मेवाला म्हणाला.

साडूने ओशाळून पुस्तक पुढे केलं. प्रस्तावनेतच खुलासा होता. मागच्या आवृत्तीत छापताना 'प'चा 'फ' झाला होता, त्याबद्दल क्षमस्व. 'फ'च्या त्या शेपटीवर चष्मेवाल्याने वर्षानुवर्षं लढाया जिंकून दिल्या होत्या, बुडणाऱ्यांना वर काढलं होतं.

"म्हणजे माझी राणी पहिल्याच रविवारी मेली होती?" मेव्हणी म्हणाली. "मग इतकी वर्षं राज्य कोण करत होतं?" हसून झाल्यावर ती याच्याकडे वळली. "भाऊजी, तुम्ही सांगा. आपण आपलं माफच खेळू या."

सगळे त्याच्याकडे पाहू लागले. एका शब्दाचं काम होतं. सूत्रं परत हातात आली असती. पण त्याच्या मनात वेगळंच शिजत होतं. माप लावलं की डाव रखडेल, मंडळी वैतागतील, साडू आपणहून उठेल. "पुस्तकात आहे तसंच खेळा," तो मोठेपणाने म्हणाला.

हात दाखवून अवलक्षण! डाव रखडला नाही. राणीत बळच नव्हतं, म्हणून ती लपू लागली, थापा मारू लागली, वैऱ्यापुढे हात जोडू लागली. बायकोच्या पात्राने तिला पाठुंगळी घेऊन दरी ओलांडली. चष्मेवाल्याचा म्हातारा मांत्रिक पुलावरच मेला, आणि साडूने ते अडखळत, हळू आवाजात असं सांगितलं की कपातला चहा कपातच निवला. बायकोच्या मांडीवर विणकाम तसंच पडलं होतं. त्याच्या डावात ती अख्खा स्वेटर विणायची.

निघताना साडूने भीत भीत विचारलं, "दादा, कसं झालं?"

"शेवटी जरा घाई झाली," चष्मेवाला म्हणाला. झाली नव्हती.

पाहुण्यांना फाटकापर्यंत सोडून बायको आत आली तेव्हा तो कप विसळत होता. मागे न वळता त्याने विचारलं, खरं सांग, कोणाचा डाव बरा?

तिने पडलेलं विणकाम गोळा केलं. "तुमच्या डावात मला मरायची भीती कधी वाटलीच नाही."

ही स्तुती की ठपका, हे सगळे कप विसळून, पुसून, फळीवर लावले तरी त्याला ठरवता येईना. शेवटी तो म्हणाला, "पुढच्या रविवारीही त्यालाच बसू दे."

"हो," ती म्हणाली. "मी त्यांना फाटकापाशीच सांगून टाकलं."