अर्ध्या मिनिटाचे ठोके

डबा वाजला, तर मीटरवाल्याच्या पदरात तीन गोष्टी पडणार होत्या. एक, खिडकीजवळची खुर्ची. दुसरी, गुरुवारची संध्याकाळ. आणि तिसरी, मेहुण्याचं दर्शन दर आठवड्याऐवजी कधीमधी. पण डबा वाजत नव्हता. त्यानं बटण दाबलं, पुन्हा दाबलं, मग जोरात दाबलं. कमी ऐकू येणाऱ्याशी आपण मोठ्यानं बोलतो ना, तसं.

"काही झालं का?" आतून बायकोनं विचारलं.

"नाही."

"धूर?"

"धूरसुद्धा नाही."

"मग प्रगती आहे म्हणायची." गेल्या आठवड्यात धूर आला होता.

बायकोचा सात जणींचा गाण्याचा गट होता. दर रविवारी त्या दवाखान्यात जाऊन रुग्णांसमोर गायच्या आणि गुरुवारी ह्याच्या बैठकीच्या खोलीत सराव करायच्या. ड्रमवर असायचा बायकोचा थोरला भाऊ, छापखान्यातून निवृत्त झालेला. तो अर्धा तास आधी यायचा, खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचा, चहात साखर कमी आहे म्हणायचा आणि घातली की जास्त झाली म्हणायचा. तेवढं चालून गेलं असतं. एकोणतीस वर्षं लोकांच्या जिन्याखाली वाकून विजेचे मीटर वाचणाऱ्या माणसाला कुत्र्यांची आणि नातेवाइकांची सवय झालेली असते.

दुखणं वेगळंच होतं. पाच-सहा महिन्यांपासून मेहुण्याचा हात पळायला लागला होता. गाणं चालत घराबाहेर पडायचं आणि शेवटच्या कडव्याला धावत सुटायचं. सातही जणी मागून धापा टाकत. वर तोच मान हलवून म्हणायचा, "आज दमसास कमी पडला तुमचा." दोघीजणी गट सोडायच्या गोष्टी करत होत्या. बायको सगळं ऐकून घ्यायची, पण भावाला एक शब्द बोलायची नाही. लहानपणी टेबलावर बोटं वाजवून त्यानंच तिला ताल शिकवला होता. थोरल्याला कोण सांगणार?

म्हणून मीटरवाल्यानं ठरवलं, ताल देणारं यंत्रच करायचं. यंत्राला कुणी थोरलं म्हणत नाही.

जोडणीचा नकाशा मिळाला, सुटे भाग मिळाले, ब्रेडबोर्ड मिळाला. ब्रेडबोर्ड म्हणजे ओळीनं भोकं असलेली पांढरी पाटी. तारा आणि भाग भोकांत खुपसायचे, डाख द्यायची भानगड नाही. ह्या डब्याचे दोन हिस्से. एक ठोके मोजणारा, त्याला तांबडा दिवा. दुसरा त्या प्रत्येक ठोक्याला ड्रमचा आवाज देणारा. पहिला हिस्सा पहिल्या झटक्यात चालला आणि दिवा शहाण्यासारखा लुकलुकू लागला. दुसरा मात्र मेहुण्याला सामील असावा, असा गप्प.

आधी कळलं की पाटीच्या कडेची वीज नेणारी लांब पट्टी आतून मध्येच तुटक असते. म्हणजे निम्म्या गल्लीत वीज नाही आणि हा दाराशी उभा राहून मीटरचं चाक का फिरत नाही म्हणून डोकं खाजवत बसलेला. तिथं तार जोडून गल्ली उजळली, तेव्हा धूर निघाला. आवाज करणारी चिप जळाली होती, ती घेऊन तो सुट्या भागांच्या दुकानात गेला. काउंटरवरच्या बाईनं ती नखानं उलटीपालटी केली.

"हिच्या एका टोकाला खाच असते, काका. ती कुठल्या बाजूला ठेवली होती?"

"खाच असते?"

"हात लावून बघितला का? गरम होती?"

त्यानं भाजलेलं बोट दाखवलं.

"मग गेली ती. ही नवी घ्या. आणि घरी मीटर आहे ना, व्होल्ट बघायला?"

"मी मीटरच वाचतो," तो जरा ताठ होऊन म्हणाला.

"वाचता हो. आहे का?"

नव्हता. विजेच्या खात्यात जन्म गेला, पण वीज त्यानं कायम काचेपलीकडूनच पाहिलेली.

तर त्या गुरुवारी पाच वाजता नवी चिप बसली होती, खाच योग्य बाजूला होती, आणि तरी डबा मुका होता. वैतागून तो तारा बघायला वाकला, त्याचं बोट चिपच्या पायांवर टेकलं, आणि जुन्या रेडिओच्या स्पीकरमधून आवाज आला: धुम्.

त्यानं दचकून बोट काढलं. शांतता. बोट ठेवलं. धुम्, धुम्, धुम्. काढलं. शांतता.

"अगं, वाजला!"

"आत्ता थांबला की."

"मी हात काढला म्हणून थांबला."

"म्हणजे तुम्ही आता जन्मभर तिथं बोट ठेवून बसणार?"

एवढ्यात दार वाजलं. मेहुणा. आज चांगला तासभर आधी. मीटरवाल्यानं घाईघाईनं पाटीवर टॉवेल टाकला. पण तांबडा दिवा टॉवेलातूनही लुकलुकत होता.

"काय जावईबापू, काय झाकताय?"

"रेडिओ, दादा. दुरुस्त करतोय."

मेहुण्यानं टॉवेल उचलला. छापखान्यातला माणूस, यंत्र समोर आलं की त्याचा हात थांबत नसे. "वाजवा बघू." मीटरवाल्यानं निरुपायानं बोट टेकवलं. धुम्, धुम्. मेहुण्यानं डोळे बारीक केले. हे कशासाठी चाललंय ते त्याला त्या घटकेला कळलं की नाही, देव जाणे. तो एवढंच म्हणाला, "बोट हलकं ठेवलं की घरघरतंय. दाबलं की साफ. म्हणजे तुमचं बोट तिथं काहीतरी काम करतंय. काय काम करतंय ते शोधा आणि ते दुसऱ्या कुणाला द्या."

दोघांची डोकी पाटीवर एकत्र आली. बोट शेजारशेजारच्या दोन पायांना जोडत होतं. नकाशात त्या दोघांमध्ये एक तार होती. पाटीवरही होती, फक्त सतराव्या ओळीऐवजी अठराव्या ओळीत.

"एक घर चुकलं," मेहुणा म्हणाला. "आणि हे आमचे आकडे वाचणारे!"

"भोकं फार बारीक आहेत हो."

"चष्मा लावा."

तार हलवली. बोट न लावता डबा वाजला. पण रिकाम्या पिंपावर लाथ मारल्यासारखा: धुम्म्म्म. मीटरवाला खूश होता, मेहुण्याचं तोंड वाकडं. "शेपूट केवढी लांब! पुढचा ठोका येतो तरी मागचा निघत नाही. हे बटण कशाचं? फिरवा. कापा शेपूट. आणखी. अहो, सगळीच नका कापू, आता पेटी आपटल्यागत झालं. जरा मागे... हां. आता ह्याला पोट आलं."

आवाज खरंच ड्रमचा आला. मीटरवाल्यानं आणखी तीन आठवडे खटपट केली असती तरी त्याच्या कानाला हे जमलं नसतं. मेहुण्यानं आपला ड्रम काढला, काड्या काढल्या. "चला, जोडीनं होऊन जाऊ दे," म्हणाला आणि डब्याच्या बरोबरीनं सुरू झाला.

पहिलं अर्धं मिनिट दोघं हातात हात घालून चालले. मग मेहुणा एक पाऊल पुढे गेला. मग दोन. त्यानं काड्या थांबवल्या.

"तुमचा डबा मागे पडतोय."

 मीटरवाल्यानं मनगटावरचं घड्याळ त्याच्यासमोर धरलं. दोघांनी दिव्याची उघडझाप मोजली. अर्ध्या मिनिटात चाळीस. पुढच्या अर्ध्या मिनिटात चाळीस.

मेहुण्यानं काड्या पुन्हा उचलल्या. "बंद करा तो," म्हणाला. "आता मला मोजा. एक मिनिट वाजवतो. अर्ध्यावर आकडा, शेवटी आकडा."

तो वाजवू लागला. मीटरवाला घड्याळ धरून मोजत होता. ह्याच घटकेसाठी तर त्यानं तीन आठवडे बोटं भाजून घेतली होती. एकोणतीस वर्षांत त्यानं एकही खोटं रीडिंग लिहिलं नव्हतं. लोकांनी हात जोडले, दम दिला, एका बाईनं त्याच्यावर बादली रिकामी केली, तरी काचेपलीकडे दिसलं तेच त्यानं लिहिलं. काड्या थांबल्या.

"पहिला?"

"चाळीस."

"दुसरा?"

त्यानं मोजले होते सेहेचाळीस. मेहुण्याच्या कपाळावर घाम होता आणि उजव्या हाताची बोटं काडीवरून सुटत नव्हती, डाव्या हातानं एकेक सोडवावी लागत होती. हे पूर्वी कधी त्यानं बघितलंच नव्हतं.

"एकेचाळीस," मीटरवाला म्हणाला.

मेहुण्यानं काड्या कापडात गुंडाळल्या. "वाजवणाराही मनात मोजत असतो, जावईबापू. सेहेचाळीस होते."

"वाचताना माझीच चूक झाली असेल."

"एकोणतीस वर्षं वाचताय ना?"

"भोकं बारीक होती," तो काहीतरीच बोलून गेला. मेहुणा हसला. मग विचारलं, "कधीपासून?"

"पाच-सहा महिने."

"आणि ती एका शब्दानं बोलली नाही."

"तुम्ही थोरले."

सहा वाजता सगळ्याजणी आल्या. मेहुण्यानं ड्रमला खोळ घातलेली बघून थबकल्या. "आज डब्यावर म्हणा," त्यानं जाहीर केलं. "माझा खांदा धरलाय. आवाज मी लावून दिलाय, तेव्हा नावं ठेवायची नाहीत." बायकोनं भावाकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. दोघंही आपापल्या भिंतीकडे बघत होते. तिनं गाणं उचललं.

सहा महिन्यांत पहिल्यांदा सात जणी शेवटच्या शब्दावर एकत्र पोचल्या. एकजण म्हणाली, "अगं, हे गाणं एवढं मोठं आहे होय!" आणि सगळ्या हसत सुटल्या.

कुणाला काय मिळालं ते बघितलं तर सातजणींना श्वास मिळाला, बायकोचा गट शाबूत राहिला, गट सोडू म्हणणाऱ्या दोघींनी रविवारी काय नेसायचं ते ठरवलं. मीटरवाल्याच्या वाट्याला मात्र ठरवलेलं काहीच आलं नाही: पुढच्या गुरुवारी मेहुणा साडेचारलाच हजर, म्हणे डब्याची शेपूट पुन्हा वाढलीय. वर एक कोरं करकरीत इमान खर्ची पडलं ते वेगळंच. पण त्याची त्याला फारशी हळहळ नव्हती, मेहुण्याच्या चहात साखर तो स्वतःच ढवळून आणत होता.

आणि ज्यानं खरी किंमत मोजली, तो मेहुणा त्या पहिल्या संध्याकाळी बायका गात असताना भिंतीला पाठ लावून बसला होता, दोन्ही हात मांड्यांखाली घट्ट दाबून. उजव्या पायाचा अंगठा तेवढा हलत होता, डब्याच्या किंचित पुढे.